भोगलेला दंड आणि नाकारलेला दंड : क्रोपोटकिनच्या दंडविचाराची चरित्रात्मक बाजू

१

विचारवंताचे चरित्र आणि त्याचा विचार यांचा संबंध कसा लावावा, हा साहित्याभ्यासातील जुना प्रश्न आहे. फौजदारी न्यायव्यवस्था सुधारून भागणार नाही, ती मुळातूनच नाहीशी केली पाहिजे, असे म्हणणाऱ्या विचारवंतांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष टोकदार होतो. यांपैकी अनेकांनी तुरुंग स्वतः भोगलेला आहे. त्यामुळे त्यांच्या विरोधकांना एक सोपे उत्तर सापडते : ज्याने तुरुंग सोसला तो तुरुंगाविरुद्ध बोलणारच, त्याचे म्हणणे म्हणजे सिद्धान्ताच्या वेशातील गाऱ्हाणे. समर्थकांचे उत्तर नेमके उलट असते : ज्याने सोसले त्यालाच बोलण्याचा अधिकार. वरवर पाहता या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात. परंतु दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे. अनुभवातून विचार आपोआप निपजतो, हे ते गृहीत.

प्रस्तुत निबंधात हे गृहीत तपासण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी मध्यवर्ती उदाहरण म्हणून प्योत्र क्रोपोटकिन (१८४२-१९२१) या रशियन भूगोलवेत्त्या व अराज्यवादी विचारवंताची निवड केली आहे. त्याच्या आधीच्या पिढीतील दोस्तोव्हस्की आणि विसाव्या शतकातील डच विधिज्ञ लाउक हुल्समन यांच्याशी त्याची तुलना केल्यास अनुभव आणि निष्कर्ष यांमधील वाट किती वळणांची असते, ते ध्यानात येते. अखेरीस मराठीतील तुरुंगविषयक व दंडविषयक आत्मकथनांकडे वळून, या वाटेचा आपल्या वाङ्मयाशी काय संबंध पोहोचतो, याचाही विचार केला आहे.

२

क्रोपोटकिनचा जन्म मॉस्कोतील एका जुन्या सरदार घराण्यात झाला. त्याच्या वडिलांच्या मालकीचे सुमारे बाराशे पुरुष भूदास होते. त्याच्या आठवणी १८९८-९९ मध्ये एका अमेरिकन मासिकातून क्रमशः आणि १८९९ मध्ये ग्रंथरूपाने, डॅनिश समीक्षक गेओर्ग ब्रांडेस याच्या प्रस्तावनेसह, प्रसिद्ध झाल्या. त्यांत बालपणातील एक प्रसंग आहे. घरात पियानो जुळवण्याचे व वाढप्याचे काम करणारा मकार नावाचा भूदास एका क्षुल्लक कारणावरून धन्याच्या रोषाला पात्र ठरतो. क्रोपोटकिनचे वडील एक चिठ्ठी लिहून त्याला पोलीस ठाण्यावर पाठवतात. चिठ्ठीत शंभर फटक्यांचा हुकूम असतो. मकार परत येतो तेव्हा लहानगा प्योत्र काळोख्या बोळात त्याला गाठून त्याच्या हाताचे चुंबन घेऊ पाहतो. मकार हात सोडवून घेतो आणि विचारतो, मोठा झाल्यावर तूही असाच होणार ना? मूल नाही म्हणते.

हा प्रसंग हृदयद्रावक आहे, आणि म्हणूनच तो सावधपणे वाचला पाहिजे. त्यातील सर्वांत अर्थपूर्ण तपशील मुलाचे अश्रू हा नसून ती चिठ्ठी हा आहे. दंडाचे कारण खाजगी राग. दंडाची अंमलबजावणी मात्र सरकारी. धन्याला स्वतःचा हात उचलावा लागत नाही, आणि ज्याच्या हातून फटके बसतात त्या शिपायाला अपराधाशी काही कर्तव्य नसते. दंड देणारा आणि दंड ठरवणारा यांच्यामध्ये कागदाचा एक तुकडा आहे, आणि त्या तुकड्यामुळे दोघेही जबाबदारीतून सुटतात. क्रोपोटकिनने पुढे न्यायसंस्थेवर जी टीका केली, तिचे बीजरूप या चिठ्ठीत दिसते.

परंतु हे बीजरूप बालकाला दिसले की पंचावन्न वर्षांच्या लेखकाला, असा प्रश्न विचारणे भाग आहे. आठवणी लिहिल्या जात होत्या तेव्हा क्रोपोटकिनची तुरुंगविषयक मते पूर्ण आकाराला आलेली होती. 'रशियन आणि फ्रेंच तुरुंगांत' हे त्याचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्येच लंडनला प्रसिद्ध झाले होते, आणि त्या पुस्तकाचा आरंभ सैबेरियापासून होतो. म्हणजे विचाराने अनुभव निवडला, त्याला क्रम दिला, आणि मग त्या क्रमात विचार अनुभवातून उगवल्यासारखा दिसू लागला, असेही म्हणता येईल. आत्मचरित्र हे कारणांची नोंदवही नसते. ती कारणांची रचना असते. यामुळे मकारचा प्रसंग खोटा ठरत नाही. मात्र तेवढ्याने उच्चाटनवादी भूमिकेचे स्पष्टीकरण झाले असे मानता येत नाही. भूदासांना फटके बसताना पाहिलेली सरदारांची मुले रशियात हजारोंनी होती.

३

निर्णायक वळण सैबेरियात आले, आणि तेथे क्रोपोटकिन कैदी नव्हता, अधिकारी होता. झारच्या दरबारी सेवेसाठी तरुण घडवणाऱ्या 'पेजेस कोअर' या विद्यालयातून तो १८६२ मध्ये बाहेर पडला. उत्तम गुणांमुळे त्याला राजधानीतील कोणतीही प्रतिष्ठित पलटण निवडता आली असती. त्याने आमूर प्रदेशातील कोसॅक पलटण निवडली. चिता येथे जनरल कुकेल या उदारमतवादी अधिकाऱ्याच्या हाताखाली तो रुजू झाला, आणि विशीतल्या या तरुणाकडे तुरुंग व हद्दपारी यांच्या सुधारणेसाठी नेमलेल्या प्रांतिक समितीचे चिटणीसपद आले. तो काळ आशेचा होता. १८६१ मध्ये भूदासप्रथा रद्द झाली होती. न्यायव्यवस्थेतील सुधारणांची चर्चा चालू होती.

क्रोपोटकिनने तुरुंग पाहिले, ते एका सुधारकाच्या डोळ्यांनी. पायी चालत येणाऱ्या कैद्यांचे तांडे, वाटेवरच्या कोंदट ठाण्यांतील गर्दी, सक्तमजुरीच्या जागा हे सारे त्याने पाहिले. समितीने प्रस्ताव तयार केले. १८६३ च्या आरंभी कुकेलला पदावरून दूर करण्यात आले. प्रस्ताव राजधानीच्या दप्तरांत पडून राहिले. १८६६ मध्ये बैकाल सरोवराच्या रस्त्यावर कामाला लावलेल्या पोलिश हद्दपारांनी उठाव केला. तो मोडून काढल्यावर त्यांच्यातील काहींना गोळ्या घालण्यात आल्या. त्यानंतर प्योत्र आणि त्याचा भाऊ अलेक्झांडर या दोघांनी लष्करी सेवा सोडली. राज्यसंस्थेच्या शिस्तीवरील आपला विश्वास सैबेरियात गळून पडला, असे क्रोपोटकिनने पुढे नमूद केले आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. क्रूरतेचे दर्शन माणसाला बहुधा सुधारक बनवते. क्रोपोटकिन सुधारक होताच. सुधारणा कशी मरते, हे त्याला सैबेरियात समितीच्या आतून दिसले, आणि ते कोणा दुष्ट माणसामुळे घडले असे त्याला सांगता येईना. कागद पुढे सरकत राहिले आणि तुरुंग होते तसेच राहिले. मकारच्या हातातील चिठ्ठी आणि समितीचा अहवाल हे एकाच यंत्रणेचे कागद होते : पहिल्याची अंमलबजावणी तत्काळ झाली, दुसऱ्याची कधीच झाली नाही.

यानंतर त्याने बारा वर्षांच्या आत तुरुंग आतून पाहिला. मार्च १८७४ मध्ये, भूगोल परिषदेपुढे हिमयुगाविषयीचा आपला प्रबंध सादर केल्यानंतर लवकरच, त्याला क्रांतिकारक प्रचाराबद्दल अटक झाली आणि सेंट पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल किल्ल्यात एकांतकोठडीत ठेवण्यात आले. तेथील दिनक्रमाचे त्याचे वर्णन भूगोलवेत्त्याला शोभणारे आहे. कोठडीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत किती पावले होतात हे मोजून त्याने रोज सात व्हर्स्त चालण्याचा नेम ठरवला. हिमयुगावरील ग्रंथ पुरा करण्यासाठी त्याला कागद-लेखणीची परवानगी मिळाली, पण सूर्यास्तापर्यंतच. खालच्या कोठडीतील एका शेतकऱ्याशी तो भिंतीवर टकटक करून बोलत असे. त्या टकटकीतूनच त्या माणसाची बुद्धी भ्रमिष्ट होत गेल्याचे त्याच्या कानी आले. भाऊ अलेक्झांडर याला तर लंडनमधील एका निर्वासिताला लिहिलेल्या पत्रावरून सैबेरियात धाडण्यात आले. १८८६ मध्ये त्याने तेथेच आत्महत्या केली. प्योत्र स्वतः १८७६ मध्ये लष्करी इस्पितळातून निसटला. ही सुटका पुढे जगप्रसिद्ध झाली. आपल्या विवेचनात तिचे महत्त्व थोडे आहे.

तिसरा टप्पा फ्रान्समधला. जानेवारी १८८३ मध्ये ल्यों येथील खटल्यात त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि क्लेर्वो येथील मध्यवर्ती तुरुंगात त्याची रवानगी झाली. हा तुरुंग म्हणजे संत बेर्नारचा प्राचीन मठ. व्हिक्टर ह्यूगोची 'क्लोद ग्यू' (१८३४) ही कथा याच तुरुंगात घडलेल्या खुनावर आधारलेली आहे. क्रोपोटकिन आणि त्याचे सहकारी राजकीय कैदी असल्याने त्यांना वेगळ्या खोल्या, लहानशी बाग, पुस्तके अशा सवलती होत्या. तरीही जानेवारी १८८६ मध्ये मुक्तता होईपर्यंतच्या त्या वर्षांत हिवताप आणि स्कर्व्ही यांनी त्याला ग्रासले.

क्लेर्वोचे महत्त्व असे की तो वाईट तुरुंग नव्हता. तेथे स्वच्छता होती, कारखाने होते, शिस्त होती. चिता येथील समितीने जे मागितले होते त्यापैकी बरेच काही तेथे प्रत्यक्षात होते. आणि तरी तेथून सुटलेली माणसे पुन्हा तेथेच येत होती. यावरून क्रोपोटकिनने आपला प्रमुख युक्तिवाद बांधला : तुरुंग माणसाची इच्छाशक्ती मोडतो, त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारे धागे तोडतो, निरर्थक मजुरीने त्याला कामाचा तिटकारा आणतो, आणि पहारेकऱ्यालाही कैद्याइतकेच बिघडवतो, तेव्हा चांगला तुरुंग ही कल्पनाच आत्मविसंगत आहे. तुरुंगाला त्याने राज्याच्या खर्चाने चालणारे गुन्ह्याचे विद्यापीठ म्हटले. पर्याय सुचवताना त्याने मनोरुग्णांचे उदाहरण दिले. एके काळी ज्यांना साखळदंडात ठेवत, ते बेल्जियममधील गेल गावी शेतकरी कुटुंबांत राहू शकतात, हे त्याच्या दृष्टीने फार मोठे प्रमाण होते.

म्हणजे क्रोपोटकिनच्या बाबतीत अनुभव एक नसून तीन आहेत : अधिकाऱ्याचा, एकांतातील कैद्याचा आणि 'सुधारलेल्या' तुरुंगातील निरीक्षकाचा. त्याचा निष्कर्ष या तिन्हींच्या परस्परतुलनेतून निघतो. पहिल्याशिवाय दुसरा निव्वळ छळाची कहाणी ठरला असता; तिसऱ्याशिवाय पहिले दोन रशियाच्या मागासलेपणाचा पुरावा ठरले असते. १८८७ च्या पुस्तकातील एक प्रकरण हेन्री लॅन्सडेल या इंग्रज धर्मोपदेशकाला दिलेले उत्तर आहे. लॅन्सडेलने सैबेरियाचा प्रवास करून तेथील तुरुंगांचे बरेच अनुकूल वर्णन केले होते. पाहुण्याला दाखवला जाणारा तुरुंग आणि कैद्याला भोगावा लागणारा तुरुंग यांतील अंतर क्रोपोटकिनला अचूक सांगता आले, याचे एक कारण असे की पाहुण्यांपुढे ठेवले जाणारे अहवाल कसे तयार होतात, हे त्याला चिटणीस या नात्याने ठाऊक होते.

४

अनुभवातून विचार आपोआप निपजत असता, तर पीटर-पॉल किल्ल्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने क्रोपोटकिनसारखेच लिहिले असते. दोस्तोव्हस्कीने तसे लिहिले नाही. तो १८४९ मध्ये याच किल्ल्यात होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याला वधस्तंभापुढे उभे करून ऐनवेळी शिक्षा बदलल्याचे सांगण्यात आले. १८५० ते १८५४ ही वर्षे त्याने ओम्स्क येथील सक्तमजुरीच्या तुरुंगात, पायांत बेड्या घालून काढली. १८६०-६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'मृतांच्या घरातील टिपणे' या कृतीत तुरुंग आणि सक्तमजुरी माणसाला सुधारत नाहीत, हे निरीक्षण स्पष्ट आहे. येथवर तो आणि क्रोपोटकिन एकत्र चालतात.

परंतु १८७३ मध्ये 'लेखकाची रोजनिशी' या सदरात परिस्थितिवादावर लिहिताना तो पूर्ण वेगळ्या दिशेला जातो. नव्या ज्यूरीपद्धतीत आरोपी सर्रास निर्दोष सुटत होते. परिस्थितीने गुन्हा करायला लावला, असे बचाव मांडले जात होते. दोस्तोव्हस्कीने याला कडाडून विरोध केला. दोष परिस्थितीवर ढकलणे म्हणजे माणसाचे स्वातंत्र्यच नाकारणे होय. शिक्षा आणि दुःखभोग यांतून शुद्ध होण्याची संधी अपराध्याकडून हिरावून घेणे ही दया नव्हे, असे त्याचे प्रतिपादन होते. विशेष म्हणजे याच्या पुष्ट्यर्थ त्याने तुरुंगातील आपला अनुभवच पुढे केला : आपल्याबरोबरच्या सक्तमजुरीच्या कैद्यांपैकी अंतर्यामी स्वतःला अपराधी न मानणारा एकही नव्हता, अशी त्याची साक्ष आहे.

दोन साक्षीदार, एकच दंडव्यवस्था, परस्परविरुद्ध साक्ष. यात एक खोचक विरोधाभासही आहे. सामान्य गुन्हेगारांच्या अधिक निकट राहिला तो दोस्तोव्हस्की. ओम्स्कच्या बराकीत उमराव म्हणून त्याचा द्वेष करणाऱ्या शेतकरी कैद्यांच्या गर्दीत तो चार वर्षे राहिला. क्रोपोटकिन किल्ल्यात एकटा होता आणि क्लेर्वोत राजकीय कैद्यांच्या वेगळ्या विभागात. अनुभवाच्या निकटतेवरच अधिकार ठरवायचा झाला, तर दोस्तोव्हस्कीचे पारडे जड ठरेल.

दोघांतील फरकाचा उलगडा दुसरीकडे शोधावा लागतो. दोस्तोव्हस्कीने तुरुंगात माणूस पाहिला; क्रोपोटकिनने यंत्रणा पाहिली. पहिल्याचा प्रश्न असा की अपराध्याच्या अंतरात काय घडते; दुसऱ्याचा प्रश्न असा की दंड देणारी संस्था प्रत्यक्षात काय करते. दोस्तोव्हस्कीला चितासारखी समिती कधी लाभली नव्हती; आणि क्रोपोटकिनला, त्याच्या निसर्गवैज्ञानिक मनोवृत्तीमुळे, पापाच्या जाणिवेची ती खोली कधी महत्त्वाची वाटली नसावी. अनुभव प्रश्नाला उत्तर देतो. प्रश्न मात्र माणूस आपल्याबरोबर घेऊन जातो.

५

अधिकारी आणि कैदी या दोन भूमिकांचा संयोग विसाव्या शतकात पुन्हा एकदा, वेगळ्या भूमीवर, दिसतो. लाउक हुल्समन (१९२३-२००९) हा नेदरलँड्सच्या लिम्बुर्ख प्रांतातील केर्क्राडे येथे जन्मलेला कॅथलिक मुलगा. धार्मिक वसतिशाळेतील कोंडलेले शिक्षण, तेथून पळ, जर्मन आक्रमणाच्या काळात प्रतिकार-चळवळीत सहभाग, अटक, आमर्सफोर्टची छळछावणी आणि जर्मनीकडे नेणाऱ्या आगगाडीतून सुटका, असे त्याचे तारुण्य आहे. युद्धानंतर तो कायदा शिकला, संरक्षण व न्याय मंत्रालयांत अधिकारी झाला आणि १९६४ पासून रॉटरडॅम येथे फौजदारी कायद्याचा प्राध्यापक होता.

'पेन पेर्द्यू' (१९८२) हे त्याचे फ्रेंच पुस्तक जाक्लीन बेर्ना द सेलिस हिच्याबरोबरच्या संवादातून सिद्ध झाले. त्याची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिल्या भागात मुलाखतीच्या रूपाने आयुष्य आणि विचार यांची सांगड. दुसऱ्या भागात युक्तिवादाची मांडणी. क्रोपोटकिनने युक्तिवाद आधी लिहिला आणि आयुष्य बारा वर्षांनी. हुल्समनने दोन्ही एका पुठ्ठ्यात बांधली. वसतिशाळेत शिकलेले पारंपरिक धर्मशास्त्र आणि फौजदारी कायदा यांच्यात त्याला साम्य दिसते : दोन्हींत वरून खाली पाहणारा निवाडा, दोन्हींत पापपुण्याची शिडी. युद्धाने त्याला शिकवले की शासन रातोरात शत्रूचे होऊ शकते आणि तेच पोलीस तेच कागद घेऊन दाराशी येऊ शकतात. मंत्रालयाने शिकवले की यंत्रणेचे निर्णय कोणी एक माणूस घेतच नाही.

हुल्समनचा निष्कर्ष क्रोपोटकिनच्या पुढे जातो. गुन्हा नावाची स्वतंत्र, स्वयंसिद्ध वस्तू अस्तित्वातच नाही, असे तो म्हणतो. अडचणीच्या परिस्थिती असतात, आणि त्यांतील काहींवर व्यवस्था 'गुन्हा' अशी चिठ्ठी लावते. यासाठी त्याने सांगितलेले पाच विद्यार्थ्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एकत्र राहणाऱ्या पाच जणांपैकी एक जण दूरचित्रवाणी संच फोडतो. उरलेल्या चौघांपैकी एकाला तो शिक्षेस पात्र वाटतो, दुसऱ्याला नुकसानभरपाईस, तिसऱ्याला उपचारास. चौथ्याला वाटते की आपल्या एकत्र राहण्यातच काही बिनसले आहे. फौजदारी कायदा या चारांपैकी एकच वाचन सक्तीचे करतो. साहित्याच्या अभ्यासकाला हे अर्थनिर्णयाच्या बहुविधतेचे समर्थन म्हणून ओळखीचे वाटेल. पुढे अर्जेंटिनाचा विधिज्ञ झाफारोनी याने आपल्या १९८९ च्या ग्रंथाच्या शीर्षकात हुल्समन आणि प्रूस्त या दोघांचे पडसाद एकत्र आणले, ते अकारण नव्हे.

याच परंपरेतील नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी (१९२८-२०१५) याचे उदाहरण येथे अपवाद म्हणून ठेवण्याजोगे आहे. त्याचे आरंभीचे संशोधन कैद्यांवर नव्हते, पहारेकऱ्यांवर होते. युद्धकाळात उत्तर नॉर्वेतील छावण्यांत युगोस्लाव्ह कैद्यांवर नेमलेल्या नॉर्वेजियन पहारेकऱ्यांपैकी काहींनी कैद्यांचा छळ केला, काहींनी केला नाही. हा फरक कशाने पडला? ज्यांना कैद्यांशी इतकी जवळीक साधता आली की ते आपल्यासारखेच माणूस दिसावेत, ते क्रौर्यापासून दूर राहिले, असे त्याला आढळले. म्हणजे उच्चाटनाच्या किंवा दंड कमीत कमी ठेवण्याच्या विचाराकडे नेणारी वाट स्वतःच्या तुरुंगवासातूनच जाते असे नाही. दुसऱ्याच्या अपराधाकडे जवळून पाहण्यातूनही ती जाते.

६

मराठीत तुरुंगाची आत्मकथने थोडी नाहीत. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली, आणि आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिले. क्रोपोटकिनच्या ल्यों येथील खटल्याच्या आगेमागेच ही घटना घडली. सावरकरांचे 'माझी जन्मठेप' अंदमानच्या सेल्युलर जेलमधील १९११ पासूनच्या वर्षांची कहाणी सांगते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. या सर्व लेखनात तुरुंग आहे, तुरुंगाची निंदाही आहे. तुरुंग नसावाच हा निष्कर्ष मात्र नाही. असे का व्हावे?

याचे एक उत्तर राजकीय कैद्याच्या स्थानात आहे. आम्ही गुन्हेगार नव्हे, हा त्याच्या साक्षीचा गाभा असतो. त्याचे गाऱ्हाणे, आपल्याला चोर-दरोडेखोरांच्या रांगेत बसवले, हे असते. रांगच का असावी, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. परकीय सत्ता गेली की तुरुंगाचा दोष जाईल, ही आशा त्यामागे होती. क्रोपोटकिनला ही आशा परवडली नाही, कारण झारचा आणि प्रजासत्ताकाचा असे दोन्ही तुरुंग त्याने पाहिले होते. आयुष्याच्या अखेरीस त्याला तिसराही पाहावा लागला. १९२० मध्ये ओलीस ठेवण्याच्या धोरणाविरुद्ध त्याने लेनिनला निषेधाचे पत्र लिहिले. आणि फेब्रुवारी १९२१ मध्ये त्याच्या अंत्ययात्रेसाठी काही बंदिवान अराज्यवाद्यांना क्रांतीच्या तुरुंगांतून तेवढ्यापुरते सोडण्यात आले.

प्रयोगाच्या पातळीवर औंध संस्थानातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीचा निर्देश केला पाहिजे. भिंतींविना कैदी ठेवण्याचा हा प्रयोग १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला, आणि ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरील व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटामुळे तो देशभर परिचित झाला. १९६० मध्ये चंबळच्या दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली. तरी त्यांच्यावर खटले चाललेच. हृदयपरिवर्तन आणि फौजदारी प्रक्रिया अशा समांतर चालल्या. दंडव्यवस्थेच्या कडेला तिचा अपवाद निर्माण करणे आपल्याकडे अनेकदा घडले. अपवादावरून नियमाला आव्हान देणे फारसे घडले नाही.

क्रोपोटकिनच्या प्रश्नाशी मराठी आत्मकथनाची खरी गाठ पडते ती वेगळ्याच ठिकाणी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजगटांना जन्माने गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलिसांची नजर राहिली. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) हे या नजरेखालील आयुष्याचे कथन आहे. गुन्हा ही कृतीवर लावलेली चिठ्ठी आहे, असे हुल्समनला अनेक वर्षांच्या मननानंतर म्हणावे लागले. येथे ती चिठ्ठी बाळाच्या पाळण्यावरच लावलेली आहे. दंडव्यवस्थेचे कृत्रिमत्व सिद्ध करणारा यापेक्षा बळकट पुरावा युरोपीय उच्चाटनवादाच्या वाङ्मयातही विरळाच.

आणि तरीही या आत्मकथनांतून किंवा दलित आत्मकथनांतून उच्चाटनाची मागणी उभी राहत नाही. मागणी आहे ती शाळेची, जमिनीची, सन्मानाची आणि कायद्याच्या समान संरक्षणाची. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ही याच आकांक्षेची परिणती आहे. ज्यांच्यावरील अत्याचार शतकानुशतके गुन्हा मानलाच गेला नाही, त्यांच्या दृष्टीने 'गुन्हा' ही चिठ्ठी मिळणे हीच पहिली मान्यता होती. क्रोपोटकिनने 'परस्परसाहाय्य' (१९०२) या ग्रंथात ग्रामसमूहांच्या रूढ न्यायाचे, भरपाई आणि समेट यांवर आधारलेल्या पद्धतींचे आस्थेने वर्णन केले. आपल्याकडील वाचकाला त्याच जागी जातपंचायत आठवते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, तो समूहाच्या न्यायापासून व्यक्तीला वाचवण्यासाठी. हुल्समनच्या उदाहरणातील पाच विद्यार्थी परस्परांचे समान आहेत. पाचवा जर मकार असेल, तर उरलेल्या चौघांच्या समेटावर तो कसा विसंबेल?

हा आक्षेप उच्चाटनवादाला निकालात काढत नाही. किंबहुना मकारच्या प्रसंगात त्याचे उत्तरही दडलेले आहे. त्या बोळात सरकारी दंड आणि घरगुती सत्ता एकाच चिठ्ठीत एकवटल्या होत्या; त्यांपैकी एकच नाहीशी करून भागणार नाही, हे त्या मुलाला मकारने विचारलेल्या प्रश्नातच आहे. क्रोपोटकिनच्या अराज्यवादाने दोन्ही सत्तांचा अंत कल्पिला होता. त्याच्या वाचकांनी पुष्कळदा पहिलाच लक्षात ठेवला.

७

या विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की विचारवंताच्या तुरुंगवासाचा उल्लेख करून त्याचा विचार खोडता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. दोस्तोव्हस्की आणि क्रोपोटकिन यांची समोरासमोर ठेवलेली साक्ष एवढे दाखवण्यास पुरेशी आहे. दुसरी अशी की उच्चाटनाच्या निष्कर्षाकडे जाताना निव्वळ यातनेपेक्षा स्थानांतर अधिक महत्त्वाचे ठरते. ज्याने दंडयंत्रणा टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली, त्याला सुधारणेच्या भाषेवर विश्वास ठेवणे अवघड जाते. क्रोपोटकिन आणि हुल्समन या दोघांनाही ते अवघड गेले. तिसरी गोष्ट तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाच्या विशेष कामाची आहे. एका समाजातील अनुभवावर उभारलेला विचार दुसऱ्या समाजात नेताना, त्या दुसऱ्या समाजाने लिहून ठेवलेल्या अनुभवापुढे त्याला पुन्हा उभे करावे लागते. 'उचल्या' आणि 'रशियन आणि फ्रेंच तुरुंगांत' ही पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून वाचली, तर पहिल्यामुळे दुसऱ्याला दुजोरा मिळतो आणि दुसऱ्याला विचारलाच पाहिजे असा एक प्रश्नही मिळतो : दंड नाहीसा झाल्यावर ज्याला आजवर कोणी दादच दिली नाही, त्याने दाद कोठे मागावी? या प्रश्नाचे उत्तर क्रोपोटकिनच्या लेखनात पुरतेपणी नाही. मराठी आत्मकथनांच्या प्रकाशात ते लेखन नव्याने वाचण्याची निकड त्यामुळेच निर्माण होते.